मिसळणाच्या डब्यातले जग

स्वयंपाकघरातल्या जिनसांची अगदी जवळून छायाचित्रे काढतो म्हटले, की लोक आधी कॅमेऱ्याची किंमत विचारतात. खरे तर मोठा खर्च लागत नाही. ५० मिलिमीटरचे साधे भिंग कॅमेऱ्यावर उलटे बसवले, की काम होते. मोबाइलपुढे घड्याळजीचे भिंग धरूनही बरेच काही दिसते. खरी अडचण वेगळीच. इतक्या जवळून जेमतेम एक मिलिमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो; दाण्याचा माथा साधला, की कडा धूसर होतात. छिद्र लहान करावे तर उजेड कमी पडतो आणि कॅमेरा जराही हलून चालत नाही. मी खिडकीतला सकाळचा तिरपा उजेड घेतो आणि सावलीच्या बाजूला पांढरा कागद उभा करतो. समोरून फ्लॅश मारला, तर सगळे सपाट दिसते.

मग मिठाचे कण चौकोनी ठोकळे दिसतात, तर साखरेच्या कणांच्या कडा तिरप्या. खसखशीवर सुबक जाळी असते. ती रॉबर्ट हूकने १६६५ सालीच चित्रात दाखवली होती. लेव्हेनहूकची गंमत त्याहून मोठी. मिरी तिखट का, हे शोधायला त्याने ती पाण्यात भिजत घातली आणि १६७६ साली त्या पाण्यात त्याला चक्क सूक्ष्मजीव दिसले!

आमच्या शेळगावात हे चित्र दाखवायचे, तर ज्वारीपासून सुरुवात करावी. दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका आला, की दाणा भरला, हे शेतकऱ्याला ठाऊक असते. मोठ्या चित्रात तो ठिपका पोरांनाही दिसतो.

पण मला सर्वांत मोलाचे वाटते ते मोहरीचे चित्र. बांधावर पिवळा धोत्रा उगवतो. त्याचे काळे बी मोहरीत मिसळले, तर नुसत्या डोळ्यांना चटकन कळत नाही. त्याचे तेल पोटात गेले, की पायांना सूज येते, हृदयावरही परिणाम होतो. १९९८ साली दिल्लीत अशा भेसळीच्या मोहरी-तेलाने साठाहून अधिक माणसे दगावली. भिंगातून मात्र फरक लपत नाही. मोहरी त्यामानाने गुळगुळीत. धोत्र्याचे बी खडबडीत, खळग्याखळग्यांचे. तरीही शंका राहिली, तर दाणा चिरडून पाहा. मोहरी आतून पिवळी निघते, धोत्रा पांढरा.