गिटारची मान

इलेक्ट्रिक गिटार घरी करतोय म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, ‘लाकूड कुठलं?’ त्याच्या डोळ्यांपुढे गिटारचं धड असतं, तो वळणदार, रंगवलेला, चमकणारा भाग. माझं उत्तर ठरलेलं आहे. धडाचं नंतर बघू, आधी मानेचं बोलू.

सतारीचा भोपळा किंवा साध्या गिटारची पेटी तारेची थरथर आपल्या अंगावर घेते आणि हवेला देते. भरीव इलेक्ट्रिक गिटारमध्ये हे काम धडाकडे नसतंच. तारांच्या खाली लोहचुंबक आणि त्याभोवती केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, ही झाली पिकअप. वर पोलादाची तार हलली की चुंबकाचं क्षेत्र हलतं, वेढ्यांत इवलीशी वीज उमटते आणि ॲम्प्लिफायर ती मोठी करतो. अमेरिकन वादक लेस पॉल याने १९४०च्या सुमारास एपिफोन या गिटार कंपनीच्या कारखान्यात चार इंची चौकोनी ठोकळ्यावर मान, तारा आणि पिकअप चढवून हे दाखवून दिलं. वाद्य उत्तम वाजत होतं, पण लोकांना ते गिटार वाटेना. मग त्याने एक जुनी गिटार कापून तिचे दोन अर्धे ठोकळ्याच्या दोन बाजूंना लावले, निव्वळ दिसण्यासाठी. धडाच्या लाकडावर रात्र रात्र वाद घालणाऱ्यांना मी हा ठोकळा आठवायला सांगतो.

घरी करायची तर टेलिकास्टर करावी. लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनचा, मुळात रेडिओ दुरुस्त करणारा. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. पण १९५०च्या आसपास त्याने ही जी गिटार बाजारात आणली, ती सुताराच्या हाताला लगेच समजते. सपाट फळी, कुठे कोरीव उठाव नाही, आणि मान सरसाने न चिकटवता चार स्क्रूंनी बसवलेली. म्हणजे मान बिघडली तर फक्त मान नवी करायची.

धडासाठी मला तून आवडतो. सतारीला वापरतात तोच. महोगनीच्याच कुळातला, हलका, राऊटरखाली गुण्यागोविंदाने कापला जाणारा. सागवान वाड्याच्या जुन्या तुळयांतून सहज मिळतं आणि दिसतंही देखणं, पण ४५ मिलिमीटर जाडीचं सागाचं धड तासभर खांद्यावर पेलणं शिक्षा आहे. एमडीएफचा साचा करायचा, जिगसॉने बाहेरून कापायचं, राऊटरने दर फेरीला तीन-चार मिलिमीटर उतरत कडेवर यायचं. सुट्टीचे काही दिवस आणि पुष्कळ भुसा, एवढ्यात धड होतं.

धडात एकच जागा अशी आहे जिथे घाई चालत नाही. मान जिथे बसते तो खाचा, सुमारे ५६ मिलिमीटर रुंद आणि १६ खोल. कडा पटाशीने साफ करताना मी दर थोड्या वेळाने मान आत सरकवून बघतो. कसोटी सोपी आहे. एकही स्क्रू न लावता मान हातात धरून वर उचलायची. धड तिला लटकून वर आलं पाहिजे.

मानेला मात्र सागवानच. सागवान वाळल्यावर फारसं हलत नाही. पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यातून एकदम ओल्या जुलैत जाताना हा गुण किती मोलाचा ते कळतं. पक्कं वाळलेलं, गाठ नसलेलं, रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ धावणारा तुकडा हवा. तसा मिळेपर्यंत मी वखारीतून रिकाम्या हाताने परत येतो. सागात तेल असतं, म्हणून सरस लावण्याआधी तो भाग थिनरने पुसून घ्यावा लागतो, नाहीतर जोड वर्षभराने सुटतो. आणि सागात वाळूसारखी सिलिका असते, त्यामुळे रंध्याच्या पात्याला सतत धार लावत बसावं लागतं.

साध्या जाडीच्या सहा तारा सुरात आणल्या की सगळ्यांचा मिळून ताण ४५ किलोच्या आसपास जातो, आणि तो जेमतेम दोन सेंटिमीटर जाडीची मान पुढे वाकवायला बघतो. म्हणून मानेच्या पोटात पोलादी ट्रस रॉड घालतात. गिब्सन कंपनीतल्या थॅडिअस मॅकह्यू यांनी १९२०च्या दशकात ही युक्ती रुजवली. खाचा रॉडच्या मापाचाच हवा. सैल राहिला तर रॉड आत खुळखुळतो आणि तो आवाज नंतर कशानेच जात नाही. वरून शिसवीची सहा मिलिमीटरची पट्टी चिकटली की रॉड कायमचा आत गेला. ही काळपट जांभळी शिसवी आपल्या सह्याद्रीतलीही. ब्राझीलची शिसवी दुर्मीळ होत गेली तेव्हा मार्टिनसारख्या जुन्या कंपनीने १९६९ मध्ये भारतीय शिसवीकडे मोर्चा वळवला. घासताना तिचा गोडसर वास घरभर सुटतो, तरी मास्क उतरवू नये. तिची धूळ छातीला त्रास देते.

आता फ्रेट. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात. राग बदलला की वादक बसल्या जागी पडदा सरकवतो. गिटारचे फ्रेट शिसवीत ठोकलेले. करणाऱ्याने बारा स्वरांचा हिशेब एकदाच करायचा आणि वाजवणाऱ्याने तो जन्मभर मान्य करायचा. गॅलिलिओचे वडील व्हिन्चेंझो गॅलिली यांनी सोळाव्या शतकात ल्यूटसाठी सांगितलेला नियम असा, की उरलेल्या लांबीचा अठरावा भाग सोडून पुढचा पडदा बांधावा. कानाला तो जवळपास चालतो. पण फेंडरच्या ६४८ मिलिमीटर तारेवर बारावा फ्रेट, जो बरोबर मध्यावर म्हणजे ३२४ वर यायला हवा, तो या नियमाने दोन मिलिमीटरहून जास्त अलीकडे पडतो. आज अठराऐवजी भाजक १७.८१७ घेतात. पहिलं अंतर ३६.४ मिलिमीटर, आणि बाविसाव्यापर्यंत ते १०.८ वर येतं.

प्रत्येक खूण नटपासूनच, म्हणजे मानेच्या टोकाला तारा जिथे टेकतात तिथूनच, मोजायची. आधीच्या फ्रेटपासून पुढचा मोजत गेलं की केसाकेसाएवढी चूक साठत जाते. आणि अर्ध्या मिलिमीटरची चूक पहिल्या फ्रेटवर जेवढी बेसूर करते, त्याच्या तिपटीहून जास्त बाविसाव्यावर करते. मी पेन्सिल वापरत नाही, कारण पेन्सिलच्या रेघेलाही जाडी असते. सुरीच्या टोकाने ओरखडा काढतो, गुण्या लावतो आणि अर्धा-पाऊण मिलिमीटर खाच पाडणारी बारीक दातांची करवत त्या ओरखड्यात टेकवतो. पहिले दोन हात उलटे, नुसती ओढ. मग हलकेच पुढे-मागे. शिसवीचा काळा भुसा खाचेतून ओळीने बाहेर येतो, आणि तो दोन्ही कडांना सारखा पडतोय का यावरून करवत सरळ आहे की नाही ते कळतं.

क्वीन बँडच्या ब्रायन मे याने १९६३ साली, सोळाव्या वर्षी, वडील हॅरल्ड यांच्यासोबत घरीच गिटार करायला घेतली, तीही असल्याच हत्यारांवर. जुन्या शेकोटीच्या चौकटीतल्या महोगनीची मान, किड्यांची भोकं काड्यापेटीच्या काड्यांनी बुजवलेली, जुन्या मोटरसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा, सूर हलवणाऱ्या दांडीच्या टोकाला विणायची सुई. लोक या सुईचंच कौतुक करतात. मला त्या दोघांनी हाताने केलेली मान पुढे जगभर मैदानं भरलेल्या मैफलींत सुरात राहिली, हे जास्त थोर वाटतं.

फ्रेट ठोकून झाले की खरी परीक्षा. बावीस फ्रेट, सगळ्यांचे माथे एका पातळीत हवेत. प्रत्येकाच्या माथ्यावर काळा मार्कर फिरवायचा, सपाट पट्टीला बारीक पॉलिशपेपर चिकटवायचा आणि ती मानेवर लांबच्या लांब, जोर न देता फिरवायची. उंच फ्रेटचा काळा रंग लगेच जातो, बसक्याचा तसाच राहतो. सर्वांत बसक्या फ्रेटचा काळा ठिपका पुसला जाईपर्यंतच घासायचं, त्यापुढे एक हातही नाही.

घासल्याने माथे सपाट होतात, ते कानशीने पुन्हा गोल करावे लागतात. मिरजेच्या तंबोऱ्याच्या कारागिराची सगळी साधना नेमकी उलट असते. घोडीचा रुंद माथा तो असा घासतो की तार त्यावर हलकेच घासत सुटावी आणि जवारी खुलावी. गिटारच्या तारेला मात्र फ्रेटवरून एका नेमक्या बिंदूतून सुटायचं असतं. माथा रुंद राहिला की सतारीसारखी झणझण येते. हीच झणझण मुद्दाम हवी म्हणून १९६७ मध्ये व्हिन्सेंट बेल याच्या कल्पनेतून ‘कोरल सितार’ नावाची इलेक्ट्रिक गिटार निघाली होती, रुंद घोडीची.

पिकअप, व्हॉल्यूम आणि टोनचे २५० किलोओहमचे दोन पॉट, एक कॅपॅसिटर, हे सारं एका संध्याकाळचं काम. घोडीला अर्थिंगची तार जोडायची विसरू नये, एवढंच.

तारा चढवल्यावर मान दोन-चार दिवस ताणाशी जुळवून घेत राहते. रोज सकाळी मी सहावी तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबतो आणि मधे सातव्या-आठव्याजवळ डोकावतो. तिथे जेमतेम व्हिजिटिंग कार्ड जाईल एवढी फट हवी, कारण तार मध्यावरच सर्वांत रुंद हलते. फट जास्त असेल तर ट्रस रॉडला ॲलन कीने पाव फेरा, आणि पुन्हा दुसऱ्या दिवसाची वाट.

मग घोडीवरची सहा खोगिरं, प्रत्येक तारेखाली एक. तार दाबली की ती किंचित ताणली जाते आणि सूर चढतो. हा चढ भरून काढायला प्रत्येक तार जराशी लांब ठेवावी लागते, जाड गाभ्याची जास्त. बाराव्या फ्रेटवरचा दाबलेला सूर आणि तिथेच नुसतं बोट टेकवून काढलेला हार्मोनिक ट्यूनरवर जुळेपर्यंत खोगीर मागे-पुढे करायचं. सहावी, पाचवी, चौथी अशी खोगिरं पायरीपायरीने पुढे येतात आणि तिसरीला पायरी मोडते. तिसरी तार वेढ्यांशिवायची असल्याने तिचा गाभा चौथीच्या गाभ्याहून जाड असतो, म्हणून ती पुन्हा मागे जाते. कुणी घरी केलेली गिटार दाखवली की मी आधी तिथे बघतो.