बारीक आहेस ना, मग काय टेन्शन?

वजन ५४ किलो, उंची पाच फूट दोन इंच, वय २८. मैत्रिणीच्या ऑफिसात हेल्थ चेकअप कॅम्प होता, तिने ओळखीने माझंही नाव घुसवलं. (आम्हा फ्रीलान्सर्सचे असले लाड एरवी कोण करणार?) बीएमआय काढणारी मुलगी म्हणाली, "मॅडम, एकदम फिट!" त्या खुशीत मी खाली उतरून दोन वडापाव हाणले.

दोन दिवसांनी रिपोर्ट आला. फास्टिंग शुगर ११२. शंभरच्या आत हवी. १२६ झाली की डायबिटीस. म्हणजे मी मधल्या स्टेशनवर उभी! सॅम्पल बदललं असणार, असं म्हणून दुसऱ्या लॅबमध्ये परत रक्त दिलं. ११०.

बाबांना डायबिटीस आहे, मान्य. पण बाबांना पोट आहे. मला तर जीन्सला बेल्ट लागतो!

उत्तर शोधताना एक फोटो सापडला. २००४ साली 'लॅन्सेट' या मेडिकल जर्नलमध्ये छापलेला. शेजारी शेजारी दोन डॉक्टर : लंडनचे जॉन युडकिन आणि आपल्या पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक. दोघांचा बीएमआय सेम टू सेम, २२.३. पण स्कॅन काढला तर युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२! युडकिन मॅरेथॉन धावणारे. याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे रोज सकाळी हॉस्पिटलच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत धावत गाठणं, असंही त्यात गमतीने लिहिलंय. वाचून मला एकदम आपला माणूस वाटला.

पण सगळा दोष लिफ्टचा नाही. १९९३मध्ये याज्ञिकांच्या टीमने पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. शेतात राबणाऱ्या, काटक बायका. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची साडेतीनच्या आसपास. आपली बाळं लहान, स्नायू कमी. पण पाठीच्या कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने शाबूत. थोडक्यात, जिम, पिझ्झा, नाइट शिफ्ट या सगळ्याच्या आधीच आपण 'बारीक पण चरबीवाले'!

यामागचा फंडा असा की, पोटात असताना पोषण कमी पडलं की शरीर आधी मेंदू वाचवतं आणि बाकीच्या अवयवांत काटकसर करतं. पुढे खाणं भरपूर मिळायला लागलं, की हे काटकसरीचं शरीर गडबडतं. इंग्लंडमध्ये डेव्हिड बार्कर यांनी १९८९ मध्येच दाखवलं होतं, की कमी वजनाची बाळं मोठी झाल्यावर हृदयविकाराने जास्त दगावतात. किडनीचंही तेच. रक्त गाळणाऱ्या नेफ्रॉन नावाच्या बारीक गाळण्या जन्माआधीच बनतात, नंतर नवी एकही मिळत नाही. लहान बाळाला कमी गाळण्या, आणि वर डायबिटीस, बीपी. हार्ट, शुगर, किडनी यांचे डॉक्टर वेगळे असतील, पण दुखणं बऱ्याचदा एकच!

हे मला घरात दिसलंय. बाबांची वर्षानुवर्षं फक्त शुगर तपासली गेली. क्रिएटिनिन वाढलं तेव्हा किडनीचं बरंच काम आटोपलं होतं. लघवीतून अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन त्याआधीच झिरपायला लागतं आणि त्याची साधी टेस्ट असते, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर? हा प्रश्न आई रात्री विचारते, मी टाळते.

याज्ञिकांच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली, आणि ती आपल्या पोळी-भाजीच्या डब्याशी संबंधित आहे. त्या खेड्यांतल्या दोनतृतीयांश आयांना बी-१२ कमी होतं. बी-१२ कमी आणि फोलेट जास्त अशा आयांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सगळ्यात जास्त दिसलं. ती मुलं मोठी झाल्यावर, २०१२ मध्ये, त्यांना लग्नाच्या आणि मुलांच्या आधीच बी-१२ देऊन बघायचा प्रयोग टीमने सुरू केला. म्हणजे पेशंट जन्माला यायच्या आधीचा इलाज!

मी अजून कुणाची आई नाही. तरी बी-१२ तपासून घेतलं (कमीच निघालं) आणि कंबरेला टेप लावला. बायकांना ८० सेंटिमीटरच्या आत हवी, पुरुषांना ९०. माझी ८३. जीन्स खोटं बोलत होती.

मग आईला फोन केला. "आई, जन्मले तेव्हा माझं वजन किती होतं गं?"

"सव्वादोन किलो. एवढीशी होतीस. का गं?"

उद्या सकाळी बाबा आणि मी एकत्र लॅबमध्ये जातोय, दोघांच्या लघवीतलं अल्ब्युमिन बघायला. बाबांनी आत्ताच विचारून ठेवलंय, नंतर शेजारच्या अमृततुल्यमध्ये चहा घ्यायचा का. बिनसाखरेचा, असं त्यांनी स्वतःहूनच सांगितलं.