खोडरबर कोणासाठी?

आपल्या वर्गात अशी एखादी मुलगी असतेच. अक्षर मोत्यासारखे, पण वही निरखून पाहिली, तर खोडून खोडून कागद विरलेला दिसतो. कोणी काम सांगितले, तर तिला ‘नाही’ म्हणता येत नाही. उत्तर येत असूनही पुरती खात्री झाल्याशिवाय ती हात वर करत नाही. आपण तिला ‘गुणी’ म्हणतो. अचूकतेचा हट्ट आणि सर्वांची मर्जी राखण्याची धडपड या आपल्याला दोन वेगळ्या गोष्टी वाटतात. पुष्कळदा त्यांचे मूळ एकच असते.

कॅनडातील मानसशास्त्रज्ञ पॉल ह्यूइट व गॉर्डन फ्लेट यांनी १९९१ मध्ये परिपूर्णतेच्या ध्यासाचे तीन प्रकार मांडले. पहिल्यात माणूस स्वतःकडून निर्दोष कामाची अपेक्षा करतो, दुसऱ्यात इतरांकडून. तिसऱ्यात, इतरांना आपल्याकडून निर्दोषपणाच हवा आहे, तरच ते आपल्याला आपले म्हणतील, असे त्याला वाटते. मर्जी राखण्याची सवय येथे येऊन मिळते. मग चूक म्हणजे दुरुस्त करायची बाब राहत नाही. माया गमावण्याची धास्ती होते. नैराश्याशी या प्रकाराचा संबंध अनेक अभ्यासांत आढळला आहे.

हे चक्र सहज थांबत नाही. मूल होकार देते, काम बिनचूक करते, शाबासकी मिळते. चुकलो असतो तरी बाईंनी जवळ घेतले असते, हे कळण्याची संधीच त्याला मिळत नाही.

आपली शाबासकीही यात भर घालू शकते. क्लॉडिया म्यूलर व कॅरल ड्वेक यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पाचवीतील काही मुलांना कोडी सुटल्यावर ‘तू हुशार आहेस’ असे म्हटले, तर काहींना ‘तू मेहनत घेतलीस’ असे. नंतर मुद्दाम अवघड कोडी दिली. मग, दुसऱ्या शाळेतील एका अनोळखी मुलाला आपले गुण लिहून कळवायला सांगितले. ‘हुशार’ म्हटलेल्यांपैकी सुमारे ३८ टक्के मुलांनी गुण खोटे लिहिले. ‘मेहनती’ म्हटलेल्यांपैकी सुमारे १३ टक्क्यांनी. ज्याची कधी भेट होणार नाही, त्याच्याही नजरेतून उतरण्याची ही भीती! पुढे इतरांनी केलेल्या अशा काही प्रयोगांत मात्र शाबासकीचा परिणाम इतका ठळक दिसला नाही. तेव्हा केवळ शब्द बदलून भागेल असे समजू नये.

विज्ञानाच्या तासाला एक गोष्ट सहज करता येईल. प्रयोगवहीत चुकलेली नोंद खोडायची नसते. तिच्यावर वाचता येईल अशी एक रेघ ओढून शेजारी नवी नोंद करायची असते. हा संशोधकांचाच रिवाज आहे. वर्गात तो पाळावा, रेघ मारलेल्या नोंदीचे गुण कापू नयेत, आणि ‘येथे काय घडले असेल?’ असे कुतूहलाने विचारावे. आपला चेहरा तेव्हा कसा आहे, हे ती मुलगी निरखून पाहत असते.