नऊ नंबरची नोकरी

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी माझी भाची बोईसरहून माहीमला आली. हातात बोंबलांची पिशवी, मागे सोळा वर्षांचा मुलगा आणि चेहऱ्यावर रात्रभर भांडण झाल्याची खूण. मुलगा आल्या आल्या चेंडू घेऊन सुरूच्या झाडांकडे पळाला. भाची ओटीवर बसली आणि म्हणाली, "मामा, आता तुम्हीच समजवा त्याला. अकरावी सायन्स चालू आहे, क्लासची फी भरून झाली आहे आणि हा म्हणतो, मला फुटबॉलच्या अकादमीत जायचंय. निवड चाचणीचं पत्र आलंय म्हणे. फॉरवर्ड व्हायचंय त्याला! फॉरवर्ड ही काय नोकरी आहे का?"

घरात बँकेतला माणूस असला की असे खटले त्याच्यापुढे येतातच. कर्ज काढू का, घर घेऊ का, मुलाला कुठे घालू. सदतीस वर्षं मी लोकांच्या भविष्याचे हिशेब मांडले, आणि त्या कागदांतून वेळ उरला तेव्हा कादंबऱ्या लिहिल्या. पण या प्रश्नाचं उत्तर मला चटकन देता येईना. त्याचं कारण एक माणूस आहे. त्याचं नाव सांगत नाही. आम्ही त्याला 'नऊ नंबर' म्हणत असू.

१९८३ साली मी फोर्टमधल्या शाखेत रुजू झालो तेव्हा तो तिथे कारकून होता. कारकून म्हणजे मस्टरपुरता. तो कोल्हापूरचा, मंगळवार पेठेतला. आमच्या बँकेच्या संघात सेंटर फॉरवर्ड म्हणून खेळाडूंच्या कोट्यातून लागलेला. दुपारी तीननंतर त्याची खुर्ची रिकामी असे, आणि त्याबद्दल कुणी तक्रार करत नसे. त्या काळात मुंबईतल्या बँका, गिरण्या, कंपन्या यांचे स्वतःचे संघ होते. टाटा, मफतलाल, ऑर्के, महिंद्र, एअर इंडिया ही नावं खेळाच्या पानावर रोज दिसत. १८९१ साली सुरू झालेली रोव्हर्स कप स्पर्धा तेव्हा जिवंत होती. शाखा बंद झाली की आम्ही चालत कूपरेजवर जायचो. शेंगदाण्याची पुडी, लाकडी बाक आणि समोर आपला माणूस. पालघरची गाडी चुकली तरी त्याचं काही वाटायचं नाही.

फुटबॉलबद्दल मला जे कळतं ते त्यानेच शिकवलं. कोल्हापूरविषयीही त्याच्याचकडून ऐकलं. कुस्तीच्या तालमी फुटबॉलचे संघ चालवतात ही गोष्ट आम्हा उत्तर कोकणातल्या माणसांना खरी वाटायची नाही. पाटाकडील तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ. ही नावं तो आपल्या कुळाचा इतिहास सांगावा तशी सांगायचा. शाहू स्टेडियमवर दोन पेठांची गाठ पडली की सख्खे मेहुणे एकमेकांशी बोलत नाहीत, असं म्हणायचा. विश्वचषक आला की तिथे निम्मं गाव ब्राझीलचं आणि निम्मं अर्जेंटिनाचं होतं.

मी त्याला एकदा विचारलं, "फॉरवर्डचं काम नेमकं काय असतं रे?" तो म्हणाला, "साहेब, दहा वेळा चुकायचं आणि अकराव्यांदा चेंडू मागायचा." मला तेव्हा ते उगाच टाळ्या घेणारं वाक्य वाटलं.

त्याचा अर्थ कळायला १९९८ साल उजाडावं लागलं. मी बोईसरच्या शाखेत अधिकारी होतो. दिवसभर एम.आय.डी.सी.तल्या कारखान्यांची कॅश क्रेडिटची खाती आणि रात्री दूरदर्शन संचासमोर फ्रान्समधला विश्वचषक. त्या वर्षी क्रोएशिया नावाचा देश प्रथमच विश्वचषकात उतरला होता. १९९१ मध्ये युगोस्लाव्हियातून फुटून निघालेला, युद्धात होरपळलेला, तेव्हा जेमतेम पंचेचाळीस लाख वस्तीचा. तुलना करायची तर आज आपल्या एकट्या पालघर जिल्ह्याची वस्ती २०११ च्या शिरगणतीप्रमाणे तीस लाखांच्या घरात आहे. त्या चिमुकल्या देशाने उपांत्यपूर्व फेरीत जर्मनीला ३-० असं हरवलं. पुढे फ्रान्सकडून हरले, पण नेदरलँड्सला नमवून तिसरे आले.

त्या संघाचा फॉरवर्ड दावोर शुकर. ओसियेक गावात १९६८ साली जन्मलेला डावखुरा. १९९१ मध्ये, म्हणजे गावावर तोफगोळे पडू लागले त्याच वर्षी, तो स्पेनमध्ये सेव्हियाकडून खेळायला गेला. तिथून रेआल माद्रिद. विश्वचषकात त्याने सहा गोल केले आणि सर्वाधिक गोल करणाऱ्याचा सोनेरी बूट मिळवला. तेव्हा तो तीस वर्षांचा होता. दोन वर्षांनी तो इंग्लंडमध्ये आर्सेनलकडे होता. युएफा चषकाचा अंतिम सामना पेनल्टीवर गेला आणि शुकरने मारलेला चेंडू खांबाला लागून परत आला. आर्सेनल हरलं. मग वेस्ट हॅम, मग म्युनिक आणि २००३ मध्ये खेळ संपला. देशासाठी ६९ सामने, ४५ गोल. पुढे तो त्यांच्या फुटबॉल संघटनेचा अध्यक्षही झाला. यश मोठंच, पण ऐन भर किती वर्षांचा? सात-आठ वर्षांचा. बँकेच्या भाषेत, एवढ्या मुदतीत तर कारकुनाची पहिली बढतीही होत नाही.

आता योगायोग पाहा. शुकरच्या त्या १९९८ च्या संघात बचावाला इगोर श्टिमाक नावाचा उंच गडी होता. तोच श्टिमाक २०१९ च्या मे महिन्यात भारताचा प्रशिक्षक होऊन आला आणि २०२४ पर्यंत राहिला. २०२२ च्या मार्चमध्ये बहारीनला दोन मैत्रीपूर्ण सामन्यांसाठी जाणाऱ्या भारतीय संघात त्याने ज्या मुलांना निवडलं, त्यांत एक कोल्हापूरचा होता. अनिकेत जाधव.

हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते ६ ऑक्टोबर २०१७ ला. संध्याकाळी फोन वाजला. कित्येक वर्षांनी 'नऊ नंबर'चा आवाज. "साहेब, टीव्ही लावा. आमच्या गावचं पोरगं आहे." सतरा वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक भारतात भरला होता. कुठल्याही गटात भारत प्रथमच फुटबॉलच्या विश्वचषकात खेळत होता, आणि त्या संघाच्या आघाडीवर अनिकेत होता. त्याआधी काही आठवडे सरकारने 'मिशन वन मिलियन' जाहीर करून एका दिवसात दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवायचा बेत आखला होता. आमच्या माहीमच्या वाड्यांतल्या पानवेलींमध्येही त्या दिवसांत चेंडू येऊन पडू लागले होते.

भारत तिन्ही सामने हरला. अमेरिकेकडून ०-३, कोलंबियाकडून १-२, घानाकडून ०-४. एकुलता एक गोल मणिपूरच्या जिक्सन सिंगने केला. अनिकेतचा गोल झाला नाही. पण पुढच्याच महिन्यात, त्याच मुलांचा 'इंडियन ॲरोज' हा संघ आय-लीगमध्ये उतरला तेव्हा पहिल्या सामन्यात चेन्नई सिटीला ३-० हरवताना त्याने दोन गोल केले. तिथून जमशेदपूर, मग हैदराबाद. २० मार्च २०२२ ला गोव्यात केरला ब्लास्टर्सला पेनल्टीवर हरवून हैदराबाद इंडियन सुपर लीगचं विजेतं झालं, त्या हंगामात तो त्या संघात होता. पुढे ओडिशा.

पण या प्रवासात एक गोष्ट घडली, ती सामान्य प्रेक्षकाच्या ध्यानात येत नाही. मैदानात मधोमध खेळणारा हा फॉरवर्ड हळूहळू कडेला सरकला. याला तो एकटा अपवाद नाही. हैदराबादच्या त्या विजेत्या संघात मधला फॉरवर्ड होता नायजेरियाचा बार्थोलोम्यू ओगबेचे. त्याने त्या हंगामात १८ गोल केले. क्लबचा मालक जिंकण्यासाठी पैसे घालतो आणि गोल करणारा माणूस तयार मिळत असेल तर तो परदेशातून आणतो. मोजके परदेशी खेळाडू मैदानात उतरवायची मुभा असते, ती बहुधा पाठीच्या कण्यावर खर्च होते: एक बचावात, एक मध्यात, एक गोलसमोर. आपली मुलं उरतात ती कडेला. मग देशाच्या संघाला गोल करणारा सापडत नाही, आणि सुनील छेत्रीला निवृत्ती जाहीर केल्यानंतरही चाळिशीत पुन्हा बोलावलं जातं. श्टिमाकनेही हे दुखणं वारंवार बोलून दाखवलं होतं. गोव्याने एके काळी ब्रूनो कुटिन्होसारखा फॉरवर्ड दिला, २००१ साली त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. त्या काळात साळगावकरसारखे क्लब आपल्याच मुलांवर भरवसा ठेवत.

भाचीला मी हे सगळं सांगितलं नाही. तिला मी हिशेब सांगितला. खेळाडूची कमाई अठराव्या वर्षी सुरू होते आणि तेहतिसाव्या वर्षी संपते. पंधरा वर्षांची मुदत ठेव, तीही मध्येच मोडण्याची शक्यता असलेली. गुडघा गेला की खातं बंद. शिवाय क्लबच बंद होतो तो वेगळा. महिंद्र युनायटेड २००६ मध्ये राष्ट्रीय लीगचं विजेतं झालं आणि २०१० मध्ये संघच विसर्जित झाला. २०२५ च्या जुलैमध्ये तर इंडियन सुपर लीगच आयोजनाच्या कराराचा घोळ होऊन लटकली. हंगाम ठरल्या वेळी सुरू झाला नाही, आणि काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबवले. बायकामुलं असलेले, नाव कमावलेले खेळाडू सामने सुरू करा म्हणून समाजमाध्यमांवर विनवण्या करत होते.

"म्हणजे तुम्ही माझ्याच बाजूचे," भाची म्हणाली.

मी गप्प राहिलो. कारण हिशेबाची दुसरी बाजू मी पाहिली होती. सुरक्षित नोकरीची.

आमच्या बँकेने १९८० च्या दशकाच्या शेवटी फुटबॉल संघाकडे हात आखडता घेतला. 'नऊ नंबर' तिशी ओलांडलेला, घोटा दोनदा मोडलेला. त्याला कॅश काउंटरवर बसवलं. ज्या माणसाला गोलसमोरच्या गर्दीत अर्ध्या सेकंदात मोकळी जागा दिसायची, त्याला नोटांच्या गड्ड्या दिसेनात. एका शनिवारी नऊशे रुपये कमी भरले. त्याने ते पगारातून भरले. दुसऱ्यांदा तसंच झालं तेव्हा मेमो लिहायची पाळी माझ्यावर आली. तो मी लिहिला. चांगल्या इंग्रजीत लिहिला. त्याने सही करून घेतला आणि म्हणाला, "बरोबर आहे साहेब. इथं चुकलं की पुढचा पास मिळत नाही." इतक्या कादंबऱ्या लिहिल्या, पण हे वाक्य मला कुठल्याही पात्राच्या तोंडी घालता आलेलं नाही.

त्याची नोकरी मात्र टिकली, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. २००१ च्या सुमारास सरकारी बँकांत स्वेच्छानिवृत्तीची लाट आली, तेव्हा त्याने फॉर्म भरला आणि कोल्हापूरला गेला. आज पेन्शन येतं, सकाळी तो पेठेतल्या पोरांना फुकट शिकवतो. त्या कंटाळवाण्या काउंटरनेच त्याला हे सुख दिलं. मग नोकरी वाईट की चांगली? माझ्या लेजरमध्ये ही नोंद अजून जुळत नाही.

त्या रविवारी जेवण झाल्यावर मी त्याला फोन लावला. भाचीच्या मुलाची हकीकत सांगितली. तो म्हणाला, "गोल किती मारले ते विचारू नका साहेब. चुकल्यावर तो पुढचा पास मागतो का, तेवढं बघा. क्रोएशियाच्या त्या मांजुकिचचं काय झालं आठवतं ना?" आठवत होतं. २०१८ चा अंतिम सामना. अठराव्या मिनिटाला मारिओ मांजुकिचच्या डोक्याला लागून चेंडू स्वतःच्याच जाळ्यात गेला. विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात स्वयंगोल करणारा तो पहिलाच. दुसरा कुणी असता तर उरलेला वेळ तोंड लपवत फिरला असता. हा पठ्ठ्या एकोणसत्तराव्या मिनिटाला फ्रान्सच्या गोलरक्षकाच्या अंगावर धावून गेला आणि त्याच्या पायातून गोल काढला. सामना ४-२ असा गेला, पण तो गोल त्याच्या नावावर राहिला.

उन्हं कलल्यावर मी काठी घेऊन किनाऱ्यावर गेलो. ओहोटी होती. ओल्या वाळूत दोन चपलांच्या खुणांचा गोल करून आठदहा पोरं खेळत होती. आमच्या पोराला पहिली संधी मिळाली, त्याने चेंडू सुरूच्या झाडांत मारला. पोरं हसली. दुसऱ्या वेळी तो चेंडूवरून घसरून पडला. तिसऱ्या वेळी गोलरक्षक नव्हताच समोर, तरी चेंडू बाहेर. मी मनात म्हटलं, संपलं. तेवढ्यात पलीकडच्या पोराच्या पायात चेंडू आला, आणि हा वाळूने माखलेला पोरगा हात वर करून ओरडला, "इकडे दे! मला दे!"

भाचीला मी सांगितलं ते एवढंच: बारावी होईपर्यंत पुस्तकं सुटणार नाहीत, हे त्याच्याकडून लिहून घे, आणि चाचणीला जाऊ दे. तिकिटाचे पैसे मी देतो. ती माझ्याशी अजून धड बोलत नाही. जाताना बोंबलांची रिकामी पिशवीसुद्धा न्यायला विसरली. ती दाराच्या खुंटीवर आहे. चाचणी पुढच्या महिन्यात आहे.