उंचावरचे काम आणि जपानची शिस्त

वादळ येऊन गेले की आपल्या मॉरिशसमध्ये घरोघरी एकच दृश्य दिसते. कोणी छपरावर चढतो, कोणी टाकीचे झाकण बसवतो, आणि खाली शिडी धरून उभी असलेली आई म्हणते, "जपून रे बाळा!" उंचावर चढणाऱ्याचा जीव असा बहुधा नशिबावर सोडलेला असतो. जपानने मात्र तो नियमांच्या हाती दिला आहे.

जपानमध्ये उंचावर काम करणाऱ्या कारागिरांना 'टोबी' म्हणतात. टोबी म्हणजे घार. जुन्या एडो शहरात हेच लोक आग विझवीत. त्यांच्या हातातील आकडीचे टोक घारीच्या चोचीसारखे असे, त्यावरून हे नाव पडले असे सांगतात. त्यांची आठवण म्हणून आजही जानेवारीत बांबूच्या शिड्यांवर कसरती होतात.

आता पुष्कळ ठिकाणी शिडीची जागा यंत्राने घेतली आहे. त्याचे मुख्य प्रकार दोन. पहिला कात्रीसारखा उघडणारा. तो सरळ वर जातो आणि सरळ खाली येतो. कारखान्यात दिवे किंवा नळ बसवायला तो सोयीचा. दुसरा लांब हाताचा. या हाताच्या टोकाला माणूस उभा राहील असा पाळणा असतो. हात कधी दुर्बिणीसारखा लांब होतो, तर कधी कोपरासारखा वाकून अडथळ्यापलीकडे पोहोचतो. विजेच्या तारांवर काम करणाऱ्या गाडीचा पाळणा वीजरोधक असतो.

दोन्ही यंत्रे माणसाला वर नेतात, पण धोका सारखा नाही. लांब हाताच्या यंत्राचे चाक लहानशा खड्ड्यात गेले तरी वरचा पाळणा जोराने हिसका खातो आणि माणूस बाहेर फेकला जातो. म्हणून जपानच्या नियमाप्रमाणे अशा पाळण्यात पट्टा बांधणे सक्तीचे आहे. केवळ सरळ वर-खाली होणाऱ्या यंत्राला ही सक्ती नाही.

पट्टाही कसला? पूर्वी कमरेचा पट्टा चाले. पण पडताना सारा भार पोटावर येई. आता 6.75 मीटरपेक्षा उंच कामाला खांदे आणि मांड्यांभोवती बांधायचा पूर्ण पट्टा लागतो. जुन्या प्रमाणाचे पट्टे 2022 च्या जानेवारीपासून बंद झाले.

यंत्र चालवणाऱ्यालाही शिकावे लागते. पाळणा 10 मीटर वा त्याहून उंच जात असेल, तर अभ्यासक्रम पूर्ण करून प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्याहून कमी असेल, तरी मालकाने खास शिक्षण द्यावेच लागते. यंत्राची तपासणी रोज काम सुरू होण्याआधी, शिवाय दर महिन्याला आणि दर वर्षाला होते. सकाळी कामगार एकत्र जमून आजचा धोका कोणता हे बोलतात आणि 'गो-आनझेन नी' म्हणजे 'सुखरूप राहा' असे म्हणून कामाला लागतात.

एवढे करूनही जपानच्या बांधकामात मृत्यूचे सर्वांत मोठे कारण उंचावरून पडणे हेच आहे. मग ज्या घरी कसलाच नियम नाही, तिथे किती जपायला हवे!

वाचकहो, यंत्र आपल्या अंगणात येणार नाही, पण शिस्त येऊ शकते. शिडी चार हात उंच टेकवली तर तिचा पाय भिंतीपासून एक हात दूर ठेवा. छपरावर जायचे असेल तर शिडीचे टोक कडेच्या वर निदान 60 सेंटिमीटर राहू द्या आणि ते बांधून घ्या. वारा असेल तर काम उद्यावर टाका. छप्पर उद्याही दुरुस्त होईल. घरचा माणूस मात्र आज संध्याकाळी जेवायला घरात हवा.