जाळलेला ध्वज आणि पुरलेली राख

इ. स. १९८४ च्या ऑगस्ट महिन्यांतील ही गोष्ट आहे. अमेरिकेंतील टेक्सस संस्थानांत डॅलस नांवाचें मोठें शहर आहे. तेथें त्या वेळीं रिपब्लिकन पक्षाचें राष्ट्रीय अधिवेशन भरलें होतें. रोनाल्ड रेगन यांना राष्ट्राध्यक्षपदासाठीं पुन्हां उभें करावयाचें होतें. त्यांच्या राजवटीवर आणि कांहीं बड्या व्यापारी मंडळींवर रुष्ट झालेल्या सुमारें शंभर लोकांनीं शहरांतून मिरवणूक काढली. ती घोषणा देत देत नगरभवनासमोर येऊन थांबली. तेथें ग्रेगरी ली जॉन्सन नांवाच्या इसमानें अमेरिकेचा राष्ट्रध्वज उलगडला, त्यावर रॉकेल ओतलें आणि त्यास आग लावली.

कोणासही इजा झाली नाहीं. कोणावर हातही उगारला गेला नाहीं. परंतु पाहणाऱ्यांपैकीं कित्येकांच्या काळजाला घरें पडलीं, आणि पुढें त्यांनीं तसें न्यायालयांत सांगितलें. मंडळी पांगल्यावर बघ्यांतील एक गृहस्थ पुढें झाला. त्यानें त्या जळक्या ध्वजाचे अवशेष गोळा केले, ते घरीं नेले आणि आपल्या परसांत पुरले.

या दोघांपैकीं पहिल्याचें नांव कायद्याच्या ग्रंथांत कायमचें जाऊन बसलें. दुसऱ्याकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. आमच्या लेखाचा विषय पहिल्याचा खटला हा आहे. परंतु त्या खटल्यांतील प्रश्नाचें उत्तर दुसऱ्याच्या हातून घडलें असें आम्हांस वाटतें. तें कसें, हें वाचकांनीं सर्व हकीकत ऐकून स्वतःच ठरवावें.

टेक्ससच्या कायद्याप्रमाणें पूज्य वस्तूची विटंबना करणें हा गुन्हा होता. त्याखालीं जॉन्सन यांस एक वर्षाची कैद आणि दोन हजार डॉलर दंड अशी शिक्षा झाली. त्याच संस्थानच्या फौजदारी अपील न्यायालयानें ती रद्द केली, आणि संस्थान सरकार तो वाद घेऊन देशाच्या सर्वोच्च न्यायालयाकडे गेलें. ता. २१ जून १९८९ रोजीं निकाल लागला. नऊ न्यायमूर्तींपैकीं पांचांनीं जॉन्सनच्या बाजूनें मत दिलें, चौघांनीं विरुद्ध. त्या वेळीं अमेरिकेच्या पन्नास संस्थानांपैकीं अठ्ठेचाळीसांत अशा प्रकारचे कायदे होते. एका मताच्या अधिक्यानें ते सारे निर्जीव झाले.

आतां कोणीही विचारील, कीं ध्वज जाळणें यांत ‘भाषण’ तें कोठें आलें? अमेरिकन राज्यघटनेची पहिली दुरुस्ती १७९१ सालीं अमलांत आली. तिनें भाषणस्वातंत्र्याचा संकोच करणारा कायदा करण्याची मनाई केली आहे. पण काडी ओढणें म्हणजे कांहीं बोलणें नव्हे. या आक्षेपाचें उत्तर ध्वजाच्या स्वरूपांतच आहे. ध्वज हें मुळीं निःशब्द बोलणें होय. तो उभारणारा जर कांहीं सांगत असेल, तर उतरविणारा, उलटा टांगणारा आणि जाळणारा हाही कांहीं सांगतच असतो. कॅलिफोर्निया संस्थानांतील एका तरुण शिक्षिकेवर मुलांच्या शिबिरांत रोज सकाळीं तांबडें निशाण उभारल्याबद्दल खटला झाला होता. त्या प्रकरणांत १९३१ सालींच सर्वोच्च न्यायालयानें निशाण फडकविणें हें अभिव्यक्तीचें एक रूप मानलें होतें. आमच्या वाचकांस हें समजावयास तर कठीण जाऊंच नये. १९२३ सालीं नागपुरांत झेंडा सत्याग्रह झाला, तेव्हां हातीं चरख्याचा झेंडा घेऊन सिव्हिल लाइन्सकडे जाणें एवढाच सत्याग्रहींचा अपराध होता. ते तोंडानें कांहीं बोलले नसते, तरी सरकारला तो झेंडा नीट ऐकूं येत होता.

बहुमताचा निकाल न्यायमूर्ति ब्रेनन यांनीं लिहिला. त्यांतील मुख्य मुद्दा असा. अमेरिकेच्या ध्वजसंहितेंतच सांगितलें आहे, कीं ध्वज जीर्ण होऊन लावण्यायोग्य उरला नाहीं, म्हणजे त्याचा सन्मानपूर्वक नाश करावा, आणि तो शक्यतों जाळून करावा. म्हणजे ज्वाला तीच, कापड तेंच, राखही तीच. निवृत्त शिपायांनीं तो विधिपूर्वक जाळला तर तें कर्तव्य ठरतें, आणि जॉन्सननें जाळला तर गुन्हा होतो. मग शिक्षा कशाची झाली? जाळण्याची नव्हे, जाळण्यांतून जें म्हटलें गेलें त्याची. आणि एखादें म्हणणें समाजास असह्य वाटतें, एवढ्याच कारणावरून सरकारनें तें बंद करावें, ही गोष्ट घटनेस मान्य नाहीं.

ज्या घरांत भंगलेली मूर्ति वाहत्या पाण्यांत सोडतात, त्या घरांतील माणसांना हा युक्तिवाद परका वाटणार नाहीं. तीच मूर्ति कोणी द्वेषानें विहिरींत फेंकली, तर पाणी तेंच असूनही आपण त्यास विसर्जन म्हणत नाहीं. कृति एकच असून तिचा अर्थ भावनेनें बदलतो. पण कायद्यानें माणसाच्या भावनेस दंड करावा काय, हा यापुढचा आणि फार बिकट असा प्रश्न आहे.

तो किती बिकट आहे, हें आपल्याच महाराष्ट्रांतील दोन होळ्या आठवल्या म्हणजे कळेल. १९०५ सालीं पुण्यांत विलायती कपड्यांची होळी झाली. तींत पुढाकार घेतल्याबद्दल विद्यार्थिदशेंतील सावरकरांना दंड भरावा लागला आणि वसतिगृह सोडावें लागलें. त्या होळीचें वर्णन आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या अभिमानानें सांगितलें गेलें आहे. पुढें ता. २५ डिसेंबर १९२७ रोजीं महाड येथें डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं मनुस्मृति जाळण्यांत आली. तिचें वर्णन त्याच घरांतून कोणत्या स्वरांत सांगितलें गेलें, हें सांगावयास नको. वास्तविक त्या परिषदेंत दहनाचा ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे हे जन्मानें ब्राह्मणच होते. पण हें नांव आपल्या किती घरांत माहीत आहे? दोन्ही ठिकाणीं जळालें तें कापड किंवा कागद. दोन्ही ठिकाणीं जाळणाऱ्यांस एकच गोष्ट म्हणावयाची होती, कीं ज्या सत्तेनें आम्हांस दीन केलें तिची खूण आम्हीं शिरावर वाहणार नाहीं. एक आग आपल्या बाजूनें बोलत होती म्हणून ती देशभक्ति ठरली, आणि दुसरी आपल्याला प्रश्न विचारीत होती म्हणून तो अधर्म ठरला. आपल्याला गोड लागणाऱ्या शब्दाचें स्वातंत्र्य सर्वच देतात. त्यासाठीं राज्यघटनेची आवश्यकता नसते. कसोटी लागते ती कडू शब्दापाशीं.

तथापि विरुद्ध मत देणाऱ्या चार न्यायमूर्तींना संकुचित बुद्धीचे समजणें हा अन्याय होईल. मुख्य न्यायमूर्ति रेनक्विस्ट यांचें म्हणणें असें, कीं दोनशें वर्षांच्या इतिहासानें ध्वजास जें स्थान मिळालें, तें इतर कोणत्याही चिन्हास नाहीं. जॉन्सनला सरकारची निंदा करण्यास शेंकडो मार्ग मोकळे होते, आणि त्यांपैकीं अनेक त्यानें वापरलेही होते. एवढा एक मार्ग बंद केल्यानें त्याचें तोंड बंद होत नव्हतें. न्यायमूर्ति स्टीव्हन्स हे दुसऱ्या महायुद्धांत आरमारांत अधिकारी होते. ज्या ध्येयांसाठीं लढावें असें वाटतें, त्या ध्येयांची खूण रक्षण करण्यायोग्य नाहीं असें म्हणतां येत नाहीं, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. ज्या माउलीच्या हातीं मुलाच्या शवपेटीवरील ध्वजाची घडी दिली गेली असेल, तिला हा युक्तिवाद निराळा समजावून सांगावा लागणार नाहीं. तिचें दुःख खोटें नाहीं, आणि ज्या निकालाला तें दिसत नाहीं तो निकाल अपुरा म्हणावा लागेल.

बहुमतांतील न्यायमूर्तींना तें दिसत नव्हतें असें मात्र नाहीं. न्यायमूर्ति केनेडी यांनीं स्वतंत्र टिपण जोडून कबूल केलें, कीं कित्येकदां आपल्याला न आवडणारा निकाल द्यावा लागतो, कारण कायदा तोच आहे. न्यायमूर्ति स्कालिया तर परंपरेचे कट्टे अभिमानी. आपण राजा असतों तर ध्वज जाळणाऱ्यांना तुरुंगांत टाकलें असतें, पण आपण राजा नाहीं, असें ते पुढें जाहीरपणें सांगत असत. आपल्या मनाविरुद्ध, परंतु आपल्या शपथेला धरून निकाल देणें ही न्यायासनावरची एक तपश्चर्याच होय.

निकालानें देशांत मोठा क्षोभ झाला. त्याच वर्षीं काँग्रेसनें ध्वजसंरक्षणाचा नवा कायदा केला. त्याचा परिणाम मोठा विचित्र झाला. कायदा अमलांत येतांच त्याच्याच निषेधार्थ सिॲटल आणि वॉशिंग्टन येथें ध्वज जाळण्यांत आले. ता. ११ जून १९९० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तोही कायदा, पुन्हां पांच विरुद्ध चार मतांनीं, रद्द ठरविला. मग घटनाच बदलावी अशी खटपट सुरू झाली. प्रतिनिधिगृहानें १९९५ ते २००५ या काळांत सहा वेळां तशी दुरुस्ती मंजूर केली. २००६ सालीं सीनेटमध्यें ६६ मतें अनुकूल पडलीं आणि ३४ प्रतिकूल. दोन तृतीयांशांसाठीं ६७ मतें हवीं होतीं. एका मतानें ती दुरुस्ती राहिली ती राहिलीच. ऑगस्ट २०२५ मध्यें राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनीं ध्वज जाळणाऱ्यांवर इतर कायद्यांखालीं शक्य तेथें खटले भरावे असा आदेश काढला. परंतु अशा आदेशानें सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पुसला जात नाहीं.

आपल्या देशाची व्यवस्था निराळी आहे, हें येथें स्पष्ट सांगितलें पाहिजे. आपल्या घटनेच्या १९ व्या कलमानें भाषण आणि अभिव्यक्ति यांचें स्वातंत्र्य दिलें आहे; पण त्याच कलमांत त्यावर वाजवी निर्बंध घालण्याची मुभाही ठेविली आहे. १९७१ च्या कायद्याप्रमाणें सार्वजनिक ठिकाणीं राष्ट्रध्वज जाळणें किंवा त्याची विटंबना करणें याला तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. जीर्ण ध्वज एकांतांत, शक्यतों जाळूनच, सन्मानानें नष्ट करावा असें आपली ध्वजसंहिताही सांगते. म्हणजे तेथील न्यायालयानें ज्या दोन अग्नींत भेद करूं नये म्हटलें, त्यांत आपला कायदा भेद करतो. शेंकडों वर्षांच्या पारतंत्र्यानंतर हातीं आलेल्या ध्वजाविषयीं एखाद्या राष्ट्रास अशी हळवी काळजी वाटली, तर तें समजण्यासारखें आहे. कायदा आहे तोंपर्यंत तो पाळणें हें नागरिकांचें कर्तव्यही आहे.

पण कायद्याच्या हाताला एक मर्यादा असते, आणि ती दोन्ही देशांतील न्यायालयांनीं ओळखली आहे. १९४० सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें शाळेंतील मुलांना ध्वजवंदनाची सक्ति करतां येते असा निकाल दिला होता. यहोवाचे साक्षीदार या पंथाची मुलें धर्मश्रद्धेमुळें वंदन करीत नसत. तीनच वर्षांनीं, ता. १४ जून १९४३ रोजीं, महायुद्ध ऐन भरांत असतां, त्याच न्यायालयानें आपला निकाल फिरविला आणि अशी सक्ति करतां येत नाहीं असें ठरविलें. तो दिवस त्या देशांत ध्वजदिन म्हणून पाळतात. आपल्याकडे १९८६ सालीं केरळांतील त्याच पंथाच्या तीन मुलांचा खटला सर्वोच्च न्यायालयापुढें आला. राष्ट्रगीताच्या वेळीं तीं आदरानें उभीं राहत, पण गात नसत. म्हणून त्यांना शाळेंतून काढलें होतें. न्यायालयानें त्यांना परत घेण्यास सांगितलें.

मोठ्या कुटुंबांत वाढलेल्यांना हें तत्त्व अनुभवानें ठाऊक आहे. सणाच्या दिवशीं मुलांना रांगेनें वडील माणसांच्या पायां पडावयास लावतात. धाकानें वांकलेली मान आणि आदरानें वांकलेली मान त्या वेळीं सारखीच दिसते. पण पंधरा वर्षांनीं त्या वडील माणसाच्या उशापायथ्याशीं रात्र रात्र कोण बसतें, हें पाहिलें म्हणजे त्यांतील अंतर कळतें. तो आदर कोणी डोळे वटारून मिळविलेला नसतो.

म्हणूनच आम्हांस डॅलसचा तो दुसरा गृहस्थ आठवतो. त्याला कोणत्याही कायद्यानें तसें करावयास सांगितलें नव्हतें. त्यानें जॉन्सनला मारलें नाहीं, त्याच्या अंगावर तो धांवूनही गेला नाहीं. न्यायमूर्ति ब्रेनन यांनीं आपल्या निकालांत त्याचा उल्लेख आवर्जून केला आहे. ध्वज जाळणाऱ्याला उत्तर द्यावयाचें तर आपला ध्वज उंच धरावा, जळणाऱ्या ध्वजालाही वंदन करावें, किंवा त्या गृहस्थाप्रमाणें त्याच्या अवशेषांना सन्मानानें मातींत विसांवा द्यावा, अशा आशयाचें त्यांनीं लिहिलें. जॉन्सनला शिक्षा झाली असती, तर ध्वजाची भीति तेवढी वाढली असती. ध्वजाचा मान त्या सायंकाळीं ज्यानें राखला, तो परसांत कुदळ घेऊन उभा होता.