अकरा गावांचा देश

लिश्टनस्टाइनच्या राज्यघटनेचे पहिलेच कलम वाचताना मी थबकलो. बहुतेक राज्यघटना आरंभी राष्ट्र, जनता, सार्वभौमत्व असे मोठे शब्द वापरतात. इथे मात्र गावांची नावे येतात. फादुत्स, बाल्झर्स, प्लांकेन, शान, ट्रीझेन आणि ट्रीझेनबेर्ग ही वरच्या भागातली सहा. एशेन, गांप्रिन, माउरेन, रुग्गेल आणि शेलेनबर्ग ही खालच्या भागातली पाच. स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया यांच्या मध्ये वसलेला हा देश १६० चौरस किलोमीटरांचा, वस्ती सुमारे चाळीस हजार. त्याच्या खाली जिल्हा नाही, तालुका नाही. देश आणि त्याखाली थेट गाव.

या रचनेचे मूळ इतिहासात आहे. लिश्टनस्टाइन घराण्याला पवित्र रोमन साम्राज्याच्या सभेत राजपुत्रांच्या रांगेत बसायचे होते. त्यासाठी थेट सम्राटाच्या अखत्यारीतली जमीन हवी होती. म्हणून त्यांनी १६९९ साली शेलेनबर्गची जहागीर आणि १७१२ साली फादुत्सचा परगणा विकत घेतला. १७१९ साली सम्राट सहाव्या चार्ल्सने दोन्ही एकत्र करून त्यांना संस्थानाचा दर्जा दिला. राजघराणे मात्र दूर व्हिएन्नाकडेच राहिले. गादीवरचा राजा प्रथम इथे आला तो १८४२ साली. म्हणजे राज्य कागदावर जन्मले तेव्हा गावे होतीच. आपली राने, कुरणे आणि डोंगरावरची उन्हाळी चराई ती आपसात सांभाळत होती. त्या सामाईक जमिनींच्या वाटपाच्या खुणा आजही नकाशावर दिसतात. प्लांकेनसारख्या पाचशेहून कमी वस्तीच्या गावाचेही तुकडे मुख्य गावापासून तुटून दुसरीकडे पडले आहेत.

दोन भागांचे जुने वेगळेपणही टिकून आहे. पंचवीस सभासदांच्या संसदेत वरच्या भागाला पंधरा आणि खालच्या भागाला दहा जागा आहेत. प्रत्येक गाव आपला प्रमुख आणि आपले मंडळ स्वतः निवडते. सर्वांत लक्षवेधी तरतूद २००३ च्या घटनादुरुस्तीने आली : कोणत्याही गावाला देशातून बाहेर पडण्याचा हक्क आहे. प्रक्रिया सुरू करायची की नाही हे तिथे राहणाऱ्या मतदार नागरिकांचे बहुमत ठरवते. पुढचा निर्णय कायद्याने किंवा कराराने होतो, आणि करार झाल्यास गावाला पुन्हा मत द्यावे लागते. आजवर एकाही गावाने हा हक्क वापरलेला नाही.

इथवर वाचून ग्रामस्वातंत्र्याचे गोडवे गावेसे वाटतात. पण नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. या देशाचे नागरिकत्व गावाच्या नागरिकत्वाशी जोडलेले आहे. नेहमीच्या मार्गाने नागरिक होऊ पाहणाऱ्या परक्या रहिवाशाच्या अर्जावर गावचे नागरिक गुप्त मतदान करतात. ज्यांच्या शेजारी वर्षानुवर्षे राहिलो, त्यांनीच 'आपला' की 'परका' हे मतपेटीतून सांगायचे! दुसरी वाट कायद्याने मिळणाऱ्या हक्काची आहे. तिथे मतदान नसते, पण साधारण तीस वर्षांचे वास्तव्य लागते. विसाव्या वर्षापर्यंतची वर्षे दुप्पट मोजतात, एवढाच दिलासा. देशातले सुमारे एक तृतीयांश रहिवासी परदेशी नागरिक आहेत, हे लक्षात घेतले की या मतपेटीचे वजन कळते.

स्त्रियांची कहाणीही अशीच. १९७१ आणि १९७३ साली पुरुष मतदारांनी स्त्रियांचा मताधिकार नाकारला. १९७६ साली फादुत्सने आपल्या हद्दीत तो दिला. देशपातळीवर तो १९८४ साली मिळाला. पण गावच्या कारभारात प्रत्येक गावाने स्वतंत्रपणे ठरवायचे होते. त्यामुळे शेवटच्या गावांतील स्त्रियांना १९८६ पर्यंत वाट पाहावी लागली. मधल्या काळात तिथल्या बाईला संसद निवडता येत होती, गावचे मंडळ नाही.

म्हणून मला वाटते, सत्ता गावाकडे गेली की ती माणसाकडे गेली असे समजणे घाईचे आहे. गाव राजापासून मुक्त असू शकते, आणि तरीही त्याच्या वेशीवर कोणी तरी वर्षानुवर्षे थांबलेले असते. छोट्या घटकाचे मोजमाप त्याला किती अधिकार आहेत यावर करू नये. ज्याला तिथे मत नाही, त्याला ते मिळण्याची वाट कोणाच्या मर्जीतून जाते, हे आधी पाहावे.